कर्मा, पॉइंट, रँक: आधी आला त्याचंच राज्य, हे बरोबर आहे का?

अनवट (धागाकर्ती)

हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, शेवटी आज धागा काढतेय. लांबलचक होणार आहे, आधीच सांगते. विषय आहे ऑनलाइन समूहांमधल्या पॉइंट सिस्टीमचा, म्हणजे कर्मा म्हणा, रेप्युटेशन म्हणा, बॅज, लेव्हल, टॉप मेंबरांच्या याद्या, सगळं त्यात आलं.

माझं म्हणणं असं की पॉइंट देण्यात काही वाईट नाही, पण एकाच आकड्याकडून आपण दोन वेगळी कामं करून घेतो. एक काम कौतुकाचं, की बाबा तुझं उत्तर उपयोगी पडलं, आभार. दुसरं काम अधिकाराचं, की आता तू दुसऱ्याचा प्रश्न बंद करू शकतोस, दुसऱ्याचं लिखाण उडवायला मत देऊ शकतोस. कौतुक कितीही साठलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. अधिकार साठत गेला की मात्र नव्याची पंचाईत होते, कारण हे पॉइंट कधी शिळेच होत नाहीत.

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटचं बघा. २००८ ला सुरू झालं. उत्तराला एक अपव्होट (पसंतीचं मत) मिळाला की १०, विचारणाऱ्याने उत्तर स्वीकारलं की १५. मग त्या पॉइंटवर दारं उघडत जातात, मूळ नियम असा की १५ झाले की अपव्होट करता येतं, ५० झाले की कुणाच्याही पोस्टखाली कॉमेंट करता येते, १२५ ला डाउनव्होट (नापसंतीचं मत), ३००० ला प्रश्न बंद करायचं मत. कागदावर छान दिसतं. पण सुरुवातीच्या वर्षांत जे आले त्यांच्यासमोर सगळं रानच मोकळं होतं, अगदी प्राथमिक प्रश्नसुद्धा तोवर कुणी विचारलेले नव्हते, त्यांची चार ओळींची उत्तरं आजही सर्चमधून लोक येऊन वाचतात आणि मत देऊन जातात. आज नवीन येणाऱ्याच्या वाट्याला उरतात ते अडनिडे प्रश्न, जे वाचणारेच मोजके. तो दोन दिवस डोकं लावून उत्तर देणार आणि त्याला दोन मतं पडणार. दिवसाला २०० पॉइंटची मर्यादा आहे, मान्य, पण ती एका दिवसाला आवर घालते, दहा वर्षांच्या साठ्याला नाही.

आता एक जवळून बघितलेलं. दुसऱ्याच एका तांत्रिक समूहात (नाव घेत नाही) माझ्या ओळखीतल्या एका मुलीला एका स्वीकारलेल्या उत्तरात चूक सापडली. फाइलच्या शेवटी रिकामी ओळ नसेल तर त्या कोडमध्ये शेवटची नोंद गायब व्हायची. तिने स्वतः कोड चालवून बघितला, कुठे फुटतो ते नेमकं शोधलं, आणि सांगायला गेली तर कॉमेंट करायला तेवढे पॉइंटच नाहीत. मग तिने ते स्वतंत्र उत्तर म्हणून टाकलं. ते थोड्या वेळात उडवलं गेलं, कारण दिलं की हे उत्तर नाही, ही कॉमेंट आहे. म्हणजे कॉमेंट करायला परवानगी नाही आणि उत्तर म्हणून टाकलं तर कॉमेंट आहे म्हणून बाद! चुकीचं उत्तर अजून तिथेच आहे, वर स्वीकारल्याची हिरवी खूण घेऊन. ती मुलगी परत तिथे गेली नाही. यात नियम मोडणारा कुणीच नव्हता, आणि हेच मला जास्त खुपतं.

तुमचं मत सांगा. भांडण नको, पण मुळमुळीत सहमतीही नको.

मोजमाप

चांगला धागा. थोडी भर घालतो.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये विज्ञानक्षेत्राबद्दल हेच मांडलं होतं, मॅथ्यू इफेक्ट म्हणतात त्याला, ज्याचं नाव आहे त्याच्याच पदरात श्रेय पडत जातं, काम तेवढंच असलं तरी. ऑनलाइन जगात तर ते प्रयोग करून दाखवलंय. सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी २००६ मध्ये एक म्युझिक साइट बनवली, ४८ अनोळखी गाणी, १४,३४१ लोक. लोकांना आठ वेगवेगळ्या गटांत टाकलं आणि प्रत्येक गटाला फक्त आपल्याच गटातल्या डाउनलोडचे आकडे दिसत होते. गाणी सगळीकडे तीच, पण प्रत्येक गटात हिट वेगळं. फार चांगलं गाणं सहसा तळाला गेलं नाही आणि फार वाईट सहसा वर आलं नाही, पण मधल्या सगळ्यांचं काहीही होऊ शकत होतं. आणि आपल्यातले बहुतेक जण मधलेच असतात ना?

दुसरा प्रयोग याहून नेमका. म्युचनिक, अरल आणि टेलर, २०१३. एका बातम्यांच्या साइटवर १,०१,२८१ कॉमेंट घेतल्या, त्यातल्या काहींना आल्या आल्या कुठलाही निकष न लावता एक अपव्होट दिला, काहींना एक डाउनव्होट, बाकीच्या तशाच ठेवल्या. ज्यांना फुकटचा अपव्होट मिळाला त्यांचा शेवटचा स्कोअर सरासरी २५ टक्क्यांनी जास्त निघाला. डाउनव्होटवाल्यांना मात्र इतर लोकांनी सावरून घेतलं. म्हणजे विनाकारण पाडलेल्याला लोक उचलतात पण विनाकारण चढवलेल्याला कुणी उतरवत नाही. कंपूबाजीने नेमकं हेच साधतं, पहिल्या पाच मिनिटांत चार मित्रांनी येऊन मत टाकलं की बाकीचं काम जनता करते.

रात्रपाळी

मुलीचा किस्सा वाईटच आहे, पण मी दुसऱ्या बाजूने बोलतो कारण मी स्पॅम साफ करण्यात बऱ्याच रात्री घालवल्यात.

५० पॉइंटची अट का आली ते तरी बघा. कॉमेंट सगळ्यांना मोकळ्या ठेवल्या की त्यात औषधांच्या जाहिराती, कर्जाच्या लिंका, शिव्या, आणि मुख्य म्हणजे डुआयडी, म्हणजे डुप्लिकेट आयडी. एक माणूस पाच आयडी काढतो, स्वतःच्याच पोस्टला वा वा म्हणतो, उडवलं की सहावा काढतो. नाव फुकट आहे तोवर हे थांबत नाही. फ्रीडमन आणि रेझनिक यांचा २००१ चा एक पेपर आहे, स्वस्त टोपणनावांची समाजाला पडणारी किंमत असा विषय, त्यात त्यांनी गणितानेच दाखवलंय की नाव बदलणं फुकट असेल तर नव्या माणसावर थोडा अविश्वास दाखवणं भागच पडतं, कारण नवा कोण आणि तोंड लपवून परत आलेला जुना कोण हे ओळखायचा मार्ग नाही. नव्याने सुरुवातीला थोडी किंमत मोजायची, ही त्या व्यवस्थेची फी समजा.

शिवाय नावाला किंमत असणं चांगलंच आहे हो. ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटवर एक प्रयोग झाला होता, एकाच अनुभवी विक्रेत्याने जुनी पोस्टकार्डं आपल्या नावाजलेल्या आयडीवरून विकली आणि तशीच नवीन कोऱ्या आयड्यांवरून विकली, जुन्या आयडीला ८.१ टक्के जास्त भाव मिळाला. माल तोच, माणूसही तोच. याचा अर्थ वर्षानुवर्षं नीट वागल्याचं फळ मिळतं. ते काढून घेतलं तर नीट वागायचं कशाला?

वाचनमात्र

मी कुठेच फारसं लिहीत नाही, नावाप्रमाणेच. पण माझ्यासारखे वाचणारे लिहिणाऱ्यांपेक्षा कितीतरी पट जास्त असतात आणि या चर्चांत आमचा विचार कुणी करत नाही. मला रात्री अकराला अडचण आली, उत्तर पाहिजे, वीस उत्तरं आहेत, त्यातलं पहिलं बरोबर असावं एवढीच अपेक्षा. कोणाचे किती पॉइंट याच्याशी मला घेणंदेणं नाही. तेव्हा माणसांची क्रमवारी आणि मजकुराची क्रमवारी या दोन गोष्टी वेगळ्या बोला, अशी विनंती.

मोजमाप

@वाचनमात्र, फार महत्त्वाचा मुद्दा. मजकुराच्या क्रमवारीत तरी बरीच सुधारणा झालीय आणि ती गणिताने झालीय, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

साधी पद्धत म्हणजे अपव्होट वजा डाउनव्होट. यात जो आधी आला त्याला जास्त लोकांनी पाहिलेलं असतं, तो वर राहतो, वर आहे म्हणून अजून लोक पाहतात. टक्केवारी काढली तर दुसरी गडबड, एकच मत आणि तेही अनुकूल, म्हणजे १०० टक्के, मग ती कॉमेंट १०० पैकी ९० अनुकूल असलेल्या कॉमेंटच्या वर बसणार.

यावरचा उपाय एडविन विल्सन या गणितज्ञाने १९२७ मध्येच काढून ठेवला होता, अर्थात कॉमेंटसाठी नाही. रेडिट या चर्चेच्या साइटने २००९ मध्ये तो कॉमेंटच्या 'बेस्ट' क्रमवारीसाठी वापरला. कल्पना अशी की आत्तापर्यंत पडलेली मतं हा फक्त एक नमुना समजायचा, आणि खरी टक्केवारी कमीत कमी किती असेल याचा सावध अंदाज काढायचा. ९५ टक्के खात्रीने हिशेब केला तर १ पैकी १ वाल्याला मिळतात सुमारे २१ टक्के, ५ पैकी ५ ला ५७, १० पैकी १० ला ७२, आणि १०० पैकी ९० ला सुमारे ८३. म्हणजे नव्याला शून्यही नाही आणि उगाच डोक्यावरही नाही. महत्त्वाचं म्हणजे उशिरा आलेली चांगली कॉमेंट दहा-वीस मतांत वर पोचू शकते, तिला आधीच्या हजार मतांची बरोबरी करावी लागत नाही.

रेडिटच्या पोस्टसाठी 'हॉट' क्रमवारीचं जे सूत्र उघड झालं होतं ते वेगळं. तिथे मतांचा लॉगरिदम घेतात आणि वेळेची भर घालतात, पहिली १० मतं आणि पुढची ९० मतं यांचं वजन सारखं, आणि साडेबारा तास उशिरा आलेली पोस्ट दहापट मतांची बरोबरी करते. जुनं आपोआप खाली जातं. आता विचार करा, मजकूर शिळा होतो हे सगळ्यांनी मान्य केलंय, त्यावर सूत्रं बनवलीयत, फक्त माणसाचे पॉइंट तेवढे अमर ठेवलेत. अनवट यांचा मुद्दा मला इथे पटतो.

सोंगटी

बुद्धिबळवाली आहे, म्हणून तिथलं सांगते.

आमच्याकडे रेटिंगसाठी अर्पाड ईलो यांची पद्धत, फिडेने (जागतिक बुद्धिबळ संघटनेने) १९७० मध्ये स्वीकारली. २०० पॉइंटचा फरक असला तर वरच्याने साधारण ७६ टक्के गुण मिळवावेत अशी अपेक्षा असते, ४०० चा असला तर ९१. अपेक्षेपेक्षा कमी मिळवले की खाली येणार, मग तुम्ही कितीही जुने असा. कोणी त्याला अपमान समजत नाही. लीचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर ग्लिको-२ नावाची पद्धत आहे, त्यात रेटिंगच्या जोडीला अनिश्चितताही मोजतात, नवीन खेळाडूच्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह असतं आणि त्याचं रेटिंग भराभर हलतं. जुना खेळाडू बरेच दिवस खेळला नाही की त्याची अनिश्चितता परत वाढते. म्हणजे सिस्टीम एवढंच म्हणते, की तुझ्याबद्दल मला आता पूर्वीइतकी खात्री नाही. तू वाईट झालास असं ती म्हणत नाही. मला हे फार सभ्य वाटतं.

अर्थात एक फरक आहे. पटावर कोण जिंकलं यात वाद नसतो. चर्चेत 'जिंकणं' ठरवणारे इतर सभासदच असतात, त्यांची आवडनिवड, त्यांचे मित्र, सगळं त्या मतात येतं. त्यामुळे बुद्धिबळाचं सूत्र उचलून इकडे लावता येणार नाही. पण घसरण आणि अनिश्चितता या दोन गोष्टी नक्की घेता येतील.

कोरी_पाटी

+१ सोंगटी.

मला अजून एक बाजू मांडायचीय. कुठल्या कामाला किती पॉइंट हे ठरवलं कोणी? स्टॅक ओव्हरफ्लोवर २०१० पासून प्रश्नाच्या अपव्होटला ५ आणि उत्तराच्या अपव्होटला १० होते. २०१९ च्या नोव्हेंबरात प्रश्नालाही १० केले. त्याच वर्षी मे, वॉक्स आणि हान्नाक यांचा एक अभ्यास आला होता, त्यात दिसलं की तिथे सरासरी बाईचं रेप्युटेशन सरासरी पुरुषाच्या साधारण निम्मं आहे. कारणं शोधली तर पुरुष उत्तरं जास्त देतात, बायका प्रश्न जास्त विचारतात, आणि पुरुषांच्या उत्तरांना सरासरी बक्षीसही जास्त मिळतं, जुनेपणा वगैरे हिशेबात धरूनसुद्धा. त्यांनी गुणांची पद्धत बदलून कागदावर हिशेब करून बघितला तर ती दरी निम्मी झाली.

निम्मी झाली! माणसं तीच, लिखाण तेच, फक्त वजनं बदलली. म्हणून 'आकडा खोटं बोलत नाही' वगैरे कुणी म्हणालं की मला राग येतो. चांगला प्रश्न विचारायला अक्कल लागते हो, आणि नीट मांडलेला एक प्रश्न पुढे हजारो लोकांचं काम करतो. शिवाय प्रश्नाचं शीर्षक सुधारणं, जुन्या मेलेल्या लिंका बदलणं, नव्याला समजावून सांगणं, ही कामं तर कुठल्या खात्यात जमाच होत नाहीत. जे करतात ते मन लावून करतात आणि यादीत कायम तळाला.

शंकेखोर

डाउनव्होटबद्दल कोणीच बोललं नाही अजून.

चेंग, दानेस्कू-निकुलेस्कू-मिझिल आणि लेस्कोव्हेक यांचा २०१४ चा अभ्यास आहे, चार बातम्यांच्या साइटवरच्या कॉमेंटचा. आपल्याला वाटतं की वाईट लिहिणाऱ्याला मायनस मिळाले की तो सुधारेल नाहीतर निघून जाईल. आढळलं उलटं, मायनस मिळालेले लोक नंतर जास्त लिहितात, त्यांचा दर्जा अजून खालावतो, आणि ते इतरांनाही जास्त मायनस देत सुटतात. सगळ्यात लवकर निघून कोण जातं, तर ज्यांना काहीच प्रतिक्रिया मिळत नाही ते.

तेव्हा नुसता मायनस ही शिक्षा म्हणूनही निरुपयोगी आहे. कारण लिहा. दोन शब्द लिहा, 'माहिती जुनी', 'प्रश्नाला सोडून', काहीही, पण लिहा. समोरच्याला कळू तर दे काय चुकलं ते.

आणि सूडाचं काय? ईबेवर आधी दोन्ही बाजू एकमेकांना फीडबॅक द्यायच्या, मग विक्रेते थांबून राहायचे, ग्राहकाने वाईट लिहिलं की लगेच उलट वाईट. लोक घाबरून गोड लिहायला लागले. शेवटी २००८ मध्ये विक्रेत्यांना ग्राहकांबद्दल निगेटिव्ह लिहायची सोयच बंद केली. घरं भाड्याने देणाऱ्या एअरबीएनबी साइटने २०१४ मध्ये वेगळा उपाय केला, १४ दिवसांची मुदत, आणि दोघांनी लिहीपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत कुणालाच दुसऱ्याचं दिसत नाही. हे मला जास्त न्याय्य वाटतं कारण यात तोंड कुणाचंच बंद केलेलं नाही.

जुना_खांब

मी एका समूहात बरीच वर्षं नियामक होतो. वरचं सगळं वाचून थोडं लागलं, म्हणून स्पष्ट लिहितो.

तुम्ही सगळे 'जुन्यांचं राज्य' म्हणताय. राज्य कसलं? सुरुवातीला तिथे कुत्रंही फिरकत नव्हतं. प्रश्न आम्हीच विचारायचो, उत्तरं आम्हीच द्यायचो, सर्व्हर बंद पडला की रात्री उठून बघायचो, शिव्या खायचो, एक पैसा मिळत नव्हता. लोक यायला लागले ते त्या कामामुळे. आता कालचा आलेला म्हणणार की तुमचे पॉइंट शिळे झाले, उतरवा. ज्याने विहीर खणली त्याला पाणी भरायला रांगेत उभं करायचं का? आणि जुन्याला नुसता आकडाच कळतो असं नाही, त्याला इतिहास माहीत असतो. हा वाद आधी कधी झाला होता, तो नियम का केला, कोण कुठल्या नावाने परत आलाय. हे शंभर दिवसांत येत नाही.

अनवट (धागाकर्ती)

जुना_खांब, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं, आणि तुमचं काम कमी लेखायचा हेतू अजिबात नाही. पॉइंट उतरवा असं मी म्हणतच नाहीये. आकडा ठेवा, नावापुढे ठळक ठेवा, या माणसाने ही जागा उभी केली असं लिहून ठेवा, कायमचं. तो मान आहे आणि मान शिळा होऊ नये. माझा प्रश्न फक्त किल्लीचा आहे. दुसऱ्याचं लिखाण उडवायची किल्ली ज्याच्या हातात आहे तो आजही त्या समूहात वावरतो का, आजचे लोक काय लिहितात ते वाचतो का, एवढंच बघावं.

आणि हे हवेतलं नाहीये. डिस्कोर्स नावाच्या चर्चेच्या सॉफ्टवेअरच्या पद्धतीत शून्य ते चार अशा विश्वासाच्या पायऱ्या आहेत. पहिली पायरी लिहिण्यावर नाहीच, वाचनावर आहे, पाच विषय उघडा, तीस पोस्ट वाचा, दहा मिनिटं घालवा, झालं. @रात्रपाळी, तुमची फी ती हीच, आणि ती मला पूर्ण मान्य आहे, कारण ती सगळ्यांना सारखी आहे आणि कुणाच्या मर्जीवर नाही. तिसरी पायरी मात्र मागच्या १०० दिवसांवर ठरते, त्यातले निदान निम्मे दिवस तुम्ही आलेले असायला हवेत, नाही आलात तर पायरी जाते, परत यायला लागलात तर परत मिळते.

स्लॅशडॉट या तंत्रज्ञानाच्या बातम्या-चर्चेच्या साइटचं तर याहून सुंदर. तिथे नियामकपद कायमचं नव्हतंच, नियमित वाचणाऱ्या सभासदांतून मधूनमधून काहींना पाच पॉइंट मिळायचे, तीन दिवसांत वापरले नाहीत तर बाद. आणि ज्या चर्चेत तुम्ही पॉइंट वापरले तिथे स्वतः लिहायचं नाही, लिहिलंत तर दिलेले पॉइंट रद्द. कॉमेंटचा स्कोअर उणे एक ते पाच, त्याच्या वर जाणारच नाही. शिवाय दिलेले पॉइंट योग्य होते का हे दुसरे सभासद तपासायचे. अधिकार आहे, पण थोडा, थोड्या वेळापुरता, आणि वादात स्वतः पक्षकार असताना नाही. विहिरीच्या गोष्टीत मी तुमच्याच बाजूची आहे, फक्त दुसऱ्याची घागर फोडायचा हक्क त्यातून मिळत नाही एवढंच.

रात्रपाळी

स्लॅशडॉटचा तो नियम मला माहीत होता पण असा विचार केला नव्हता. ज्या वादात मी स्वतः बोलतोय तिथे मी काही उडवायचं नाही, हे तर उद्यापासून कुठेही लावता येईल, त्याला सूत्रही लागत नाही.

टॉप मेंबरांच्या यादीबद्दल मात्र मी अनवटपेक्षाही कडक आहे. ती यादी काढून टाका. डिग या बातम्यांना मतं देऊन वर आणायच्या साइटने २००७ मध्ये आपल्या टॉप सभासदांची यादी बंद केली होती, कारण त्या यादीमुळे पहिल्या पानावर काय येणार यावरून संगनमताचे आरोप, पैसे देऊन मतं मिळवायचे प्रयत्न, सगळं सुरू झालं होतं. आणि गिटहब या कोड ठेवायच्या साइटने २०१६ मध्ये सलग किती दिवस काम केलं याचा आकडा प्रोफाइलवरून काढला, नंतर संशोधकांनी तपासलं तर लोकांचं सुट्टीच्या दिवशीचं काम कमी झालेलं दिसलं, आणि लांबलचक सलग मालिकाही कमी झाल्या. म्हणजे लोक रविवारी बसत होते ते आकडा तुटू नये म्हणून. कामासाठी नाही. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाबद्दल मांडलेला नियम इथे तंतोतंत लागू पडतो, मापाचं लक्ष्य केलं की ते माप बिघडतं.

@जुना_खांब, तुमच्या एका मुद्द्याला मात्र बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). जुना माणूस डुआयडी ओळखतो ते कुठल्याच सिस्टीमला जमत नाही.

वाचनमात्र

एक बारीक सूचना. नव्या कॉमेंटचा स्कोअर पहिले काही तास दाखवूच नका, आत मोजा पण बाहेर दाखवू नका. रेडिटवर काही समूहांत अशी सोय वापरतात. मोजमाप यांनी तो २५ टक्क्यांचा प्रयोग सांगितला त्यावर हाच सगळ्यात स्वस्त उपाय वाटतो, आकडा दिसला नाही की माणसाला निदान वाचून मत बनवावं लागतं.

जुना_खांब

अनवट, तुमचा प्रतिसाद शांतपणे वाचला. मान वेगळा आणि किल्ली वेगळी हे मला मान्य आहे. किल्ली मागितली तर मी देईन. ज्या वादात आपण बोलतो तिथे कारवाई करायची नाही हाही नियम मान्य, आमच्याकडे तो लेखी नव्हता तरी आम्ही दोघंतिघं पाळायचो.

शंभर दिवसांची मोजणी मात्र मला पटत नाही. निम्मे दिवस हजेरी म्हणजे तुम्ही परत एक आकडाच लावताय, ज्याला वेळ आहे त्याच्या बाजूचा. घरात आजारपण आलं, कुणाचं बाळंतपण आलं, परीक्षा आल्या, की माणूस तीन महिने गायब होतो. तो विश्वासाला कमी झाला का?

कोरी_पाटी

हा मुद्दा खरा आहे आणि याचा फटका कोणाला बसेल तेही दिसतंय. घरचं सगळं बघून उरलेल्या वेळात येणाऱ्यांना. मी स्वतः त्यातलीच.

इंग्रजी विकिपीडियावर यापेक्षा मोकळं आहे. तिथे प्रचालक (ॲडमिन) सभासदच निवडतात, संपादनांच्या आकड्यावर आपोआप होत नाहीत, आणि वर्षभर काहीच काम केलं नाही तर त्यांची खास साधनं काढून घेतात, काढण्याआधी कळवतात. गैरवर्तनाचा ठपका नसतो, परत आलात की सांगायचं, सहसा परत मिळतात. फार वर्षं गेली असतील तर मात्र पुन्हा निवडीतून जावं लागतं. मुदत एवढी लांब ठेवावी, आणि कळवायची जबाबदारी समूहाची.

अनवट (धागाकर्ती)

वर्षाची मुदत आणि आधी कळवणं, मला चालेल. शंभर दिवसांचा हट्ट नाही.

त्यात एकच जोडा. ज्याचं लिखाण उडवलं त्याला कारण, आणि ते चुकीचं वाटलं तर दुसऱ्या कुणाकडून, म्हणजे ज्याने उडवलं तो सोडून, एकदा तपासून घ्यायची सोय, पॉइंट शून्य असले तरी. ही सोय पॉइंटवर अडवून ठेवायची नाही. ती असती तर त्या कोडमधली चूक आज दुरुस्त झालेली असती.

शंकेखोर

शून्य पॉइंटवाल्याला दाद मागायची सोय दिली तर डुआयडीवाले त्याचाच पाऊस पाडतील, रात्रपाळी आत्ता हेच म्हणणार बघा. महिन्याला एका आयडीला एकच अपील ठेवा, आणि बरोबर ठरलं तर ते मोजू नका.

रात्रपाळी

म्हणणारच होतो. महिन्याला एक ठीक आहे, तेवढं मी रात्री बसून तपासेन.